नातवाला भरवू नका म्हणणारं क्लिनिक

मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका. वाई तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर ३१ वर्षं काढली. आधी दर महिन्याला मुलामागे ३ किलो तांदूळ वाटले, पुढे शाळेतच खिचडी शिजायला लागली तेव्हा ती वाढली. न जेवणारं पोर जेवतं कसं करायचं हे मला कुणी शिकवावं, असं कधी वाटलं नव्हतं. त्यामुळे सुनेने "आई, ओजूला फीडिंग थेरपीला न्यायचंय" (म्हणजे न खाणाऱ्या मुलाला खायला शिकवणाऱ्यांकडे) म्हटल्यावर मी जे बोलले ते इथे लिहीत नाही.

त्या बोलण्याला आता १३ महिने झाले. आजवर ३४ बैठका झाल्या आणि त्यातल्या निम्म्यांना नातवाला घेऊन मी गेले, कारण मुलगा-सून दोघं नोकरीला. क्लिनिकचं नाव मुद्दाम लिहीत नाही. खाली तक्रारीही आहेत, आणि आम्हाला अजून तिथे जायचंय. पुण्यात, कोथरूडच्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावर. ओळखणारे ओळखतील.

आधी ओजूचं सांगते, म्हणजे कुणाला हे लागू आहे ते कळेल. तो दोन महिन्यांचा असताना त्याच्या शीमध्ये रक्ताच्या बारीक रेषा दिसल्या. सून अंगावरच पाजत होती. आव म्हणून औषध झालं. सहाव्या महिन्यात नाचणीचं सत्त्व दुधात शिजवून दिलं, तर तोंडाभोवती पित्ताच्या गांधी उठल्या आणि अर्ध्या तासात ओकारी. कुणी म्हणालं, दूध पचत नाही, लॅक्टोज नसलेलं आणा. आणलं. तीच गत. मग मी माझ्या अकलेने गावाकडून शेळीचं दूध मागवलं. आमच्या लहानपणी अशक्त मुलाला तेच द्यायचे. त्या रात्री त्याचे ओठ सुजले.

हे सगळं का झालं ते क्लिनिकमधल्या ॲलर्जीच्या डॉक्टरांनी पाच मिनिटांत सांगितलं. आधीच्या दोन वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. लॅक्टोज ही दुधातली साखर. ती पचत नसेल तर पोट फुगतं, जुलाब होतात. ॲलर्जी असते प्रथिनाची. साखर काढलेल्या दुधात प्रथिन जसंच्या तसं राहतं. आणि गाय, म्हैस, शेळी, तिघींच्या दुधातली प्रथिनं एकमेकींशी इतकी जुळतात की एकीचं सोसत नसेल तर दुसरीचंही बहुधा सोसत नाही. ए-टू का काय म्हणतात ते देशी गायीचं महागाचं दूध आणायचं आमच्या शेजारणीने सुचवलं होतं; तेही त्यातलंच. आईने दूध प्यायलं तर त्यातलं थोडं प्रथिन अंगावरच्या दुधातून बाळाला जाऊ शकतं, म्हणून ते रक्त.

तर असं होत होत दोन वर्षांचा होईपर्यंत हा मुलगा पाच गोष्टींवर आला. भाकरीचा पापुद्रा, तोही कडक झालेला. चुरमुरे. केळ्याचे वेफर्स. कोरडा पांढरा भात. आणि एकाच दुकानातली शेंगदाणा-गुळाची वडी. चमचा दिसला की उमासे. वरणभाताची वाटी दिसली की खुर्चीतून उतरून दाराशी. आम्ही काय करायचो? सून मोबाइल धरायची, मी एक घास चिऊचा, एक घास काऊचा म्हणत त्याचे गाल दाबून घास आत सारायची. दीड-दीड तास. लिहायला बरं वाटत नाही, पण ते लिहिलं नाही तर पुढचं कळणार नाही.

पहिली भेट दीड तासाची होती. त्याचे २,५०० रुपये घेतले. सांगितलं होतं की घरचं ताट-वाटी आणा, तो खातो ते आणा आणि खात नाही तेही आणा. वजन भरलं १० किलो २०० ग्रॅम. वय दोन वर्षं चार महिने. वाढीच्या तक्त्यावर ठिपका सगळ्यात खालच्या रेषेला चिकटलेला. मग थेरपिस्ट बाई (माझ्या धाकट्या मुलीच्या वयाची) म्हणाल्या, "आजी, घरी जसं भरवता तसं दहा मिनिटं भरवा. मी फक्त बघते." बघितलं. काही बोलल्या नाहीत. मला वाटलं, आता माझी शाळा घेणार. तर त्यांनी विचारलं, "खाल्ल्यावर त्याला काय काय होतं?" मुलगा काय खात नाही हे दोन वर्षं सगळे विचारत होते. खाल्ल्यावर काय होतं, हे पहिल्यांदा कुणी विचारलं.

आणि मग मसाल्याचं निघालं. दूध बंद करून वर्ष झालं होतं, तरी आमटी-भात दिला की हा ओठ चोळायचा, रडायचा, कधी हनुवटी लाल व्हायची. तिखट लागतं, असं आम्ही धरलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, "आजी, आमटीत काय घालता?"

"विशेष काही नाही. चिंच, गूळ, गोडा मसाला."

"मसाला विकतचा?"

"छे, घरचा."

"त्यात काय काय असतं?"

मी बोटांवर मोजायला लागले. धणे, जिरं, सुकं खोबरं, तीळ, दगडफूल, नागकेशर, तमालपत्र... डॉक्टर चौथ्या बोटावरच थांबले. "तीळ किती?"

"किलोभर धण्यांना पाव किलो."

संक्रांतीला ओजूने तिळगूळ तोंडाला लावलाच नव्हता. काही नवीन तो तोंडाला लावतच नव्हता. त्यामुळे तीळ आमच्या डोक्यातच आला नाही. आणि मी मात्र रोज चमचाभर मसाला आमटीत घालून, तीच आमटी गाल दाबून त्याच्या तोंडात घालत होते.

पुढच्या आठवड्यात हाताच्या त्वचेवर चाचणी झाली. ॲलर्जीचं सिरप आधी बंद करायला लावलं होतं. हातावर थेंब ठेवून सुईने किंचित टोचतात आणि पंधरा मिनिटांनी उठलेली गांध पट्टीने मोजतात. दुधाची उठली, तिळाची त्याहून मोठी. गहू, शेंगदाणा, सोयाबीनला काही नाही. इथे एक सांगायचं राहिलं. वर्षभर आधी आम्ही एका लॅबमध्ये रक्ताची मोठी यादीवाली तपासणी केली होती, पैसेही बरेच गेले होते. तिच्यात गहू, तांदूळ, केळं धरून वीसेक पदार्थांसमोर लाल खुणा होत्या. डॉक्टरांनी तो कागद बघितला, घडी घातली आणि परत दिला. म्हणाले, ही रक्तातल्या आयजीजी नावाच्या प्रतिपिंडांची तपासणी. शरीराने तो पदार्थ ओळखलाय एवढंच तिच्यातून कळतं, ॲलर्जी कळत नाही. त्या कागदापायी सुनेने पाच महिने त्याचा गहू बंद ठेवला होता. आधीच पाच पदार्थ खाणारं मूल, त्यातही आपणच काट मारत होतो.

या क्लिनिकला मी सगळ्यात जास्त गुण देते ते यासाठी. ॲलर्जीवाले नुसतं 'हे बंद, ते बंद' सांगून मोकळे होतात. खाणं शिकवणारे मुलाला न सोसणाऱ्या गोष्टी खेळायला पुढे ठेवतात. इथे दोघं एका टेबलाशी बसले. थेरपिस्ट बाईंचं वाक्य असं होतं: "आजी, हे नखरे नाहीत. त्याला खाण्याने खरंच दुखलंय. तो शहाणा आहे, म्हणून खात नाही." घरी येऊन मी बराच वेळ स्वयंपाकघरात नुसती उभी होते.

आता थेरपीत करतात काय. पहिले तीन आठवडे खाणं नाहीच. मला वाटलं, बैठकीला १,२०० रुपये घेऊन पोराला ज्वारीच्या दाण्यांत हात घालायला लावतात, भाकरीच्या पिठाचे साप करायला लावतात, हे आमच्या बालवाडीत फुकट चालायचं. घरासाठी मात्र नियम कडक. खुर्चीत बसल्यावर पाय टेकलेले हवेत. आम्ही पायाखाली पाट ठेवला. मोबाइल बंद. जेवण वीस ते तीस मिनिटं, मग ताट उचलायचं, रिकामं असो की भरलेलं. दोन खाण्यांमध्ये अडीच-तीन तास फक्त पाणी. आणि भरवायचं नाही. ताटात एक तरी त्याचा ओळखीचा पदार्थ हवा, बाकीचे शेजारी नुसते बसलेले. बघितलं तरी चालेल, वास घेतला तरी चालेल, चाटून थुंकलं तरी चालेल. थुंकायला वेगळी वाटी. काय, कधी आणि कुठे द्यायचं ते घरच्यांनी ठरवायचं. खायचं का आणि किती ते मुलाने. ही वाटणी एलिन सॅटर नावाच्या अमेरिकी आहारतज्ज्ञ बाईंची, असं सांगितलं. त्यांच्या घरी माझ्यासारखी आजी नसणार.

मला सगळ्यात जड गेलं ते दोन गोष्टींचं. एक, खाल्लं तरी कौतुक करायचं नाही. 'शाब्बास' म्हणायचं नाही! मी ३१ वर्षं दुसरं काय केलं? दुसरं म्हणजे वरणभात. मऊ भात, वर वरण, याहून सोपा घास जगात नाही, असं मी समजत होते. त्यांनी मला एक घास तोंडात धरून डोळे मिटायला लावलं आणि विचारलं, काय काय कळतंय? पातळ वेगळं, शितं वेगळी, मध्येच डाळीचा दाणा, कढीपत्त्याचं पान. ज्या मुलाने चावायचा सरावच केला नाही त्याच्या जिभेला हा गुंता सुटत नाही. कुरकुरीत पापुद्रा दर वेळी तसाच लागतो, आवाज करतो, तुटला की कळतं. म्हणून तो पापुद्र्याशी एकनिष्ठ. मग आम्ही पापुद्र्यावरूनच पुढे गेलो: पापुद्रा, मग तांदळाच्या घावनाची कुरकुरीत कड, मग घावनाचा मधला भाग, मग मऊ धिरडं. या चार पायऱ्यांना अकरा आठवडे लागले. चिऊ-काऊ मात्र मी सोडले नाहीत. आता ते रात्री झोपताना येतात आणि स्वतःचं स्वतः खातात.

दूध बंद, मग कॅल्शियमचं काय, हा प्रश्न आहारतज्ज्ञांनी नीट हाताळला. नाचणी आणि राजगिरा कशात बसेल ते आमच्या घरच्या पदार्थांतून शोधलं. शेवग्याचा पाला वाळवून धिरड्याच्या पिठात घातला. ड जीवनसत्त्वाचे थेंब चालू. तूपही बंद, कारण त्यात प्रथिनाचा अंश उरू शकतो, त्याऐवजी खोबरेल. आधी दुसरीकडे कुणीतरी दिलेली, प्रथिनाचे तुकडे केलेली खास पावडर होती. ती मी चाखून बघितली. कडू, आणि वास विचारू नका. ती पोरगं पीत नाही म्हणून आम्ही त्याला रागवायचो.

आता तक्रारी.

सुरुवातीला त्यांनी एक छापील यादी दिली. इंग्रजीत. ब्रोकोलीचे तुरे, ॲव्होकाडो, आणि बुडवून खायला हमस. सुनेने हमस म्हणजे काय ते शोधलं: वाटलेले छोले आणि ताहिनी. ताहिनी म्हणजे तिळाची चटणी! तिळाने सुजणाऱ्या मुलाच्या हातात हा कागद. मी लाल पेन काढला, वह्या तपासतात तसा तो कागद तपासला आणि पुढच्या मंगळवारी काउंटरवर ठेवला. त्यांनी माफी मागितली हे खरं, पण मूल कोणतं, त्याला काय चालत नाही, हे न बघता सगळ्यांना एकच झेरॉक्स वाटणं बरोबर नाही. शेवटी मीच मराठीत दोन पानांची यादी केली: घावन, थालीपीठ, उकड, शेंगोळे, दडपे पोहे, प्रत्येकापुढे तो कुरकुरीत की मऊ आणि त्यात दूध, तीळ, शेंगदाणा कुठे लपतो. आता तिचीच झेरॉक्स मिळते. मानधन नाही.

लपण्यावरून आठवलं. पाकिटावर ॲलर्जीचे पदार्थ लिहायची जी सक्ती आपल्याकडे २०२० च्या लेबल नियमांत आहे, तिच्या यादीत दूध, अंडी, मासे, कोळंबीसारखे कवचवाले जीव, शेंगदाणा आणि सुकामेवा, सोयाबीन, गव्हासारखी ग्लुटेनची धान्यं आणि पदार्थ टिकवायला घालतात ते सल्फाइट आहेत. तीळ नाही. अमेरिकेत २०२३ पासून तो यादीत आला. तीळ आपल्याकडे चटणीत, मसाल्यात, भाकरीवर, लाडवात, आणि सक्ती मात्र नाही. घटकांत नुसतं 'मिश्र मसाले' लिहिलेलं असलं की मी पाकीट परत ठेवते. हे क्लिनिकनेच सांगायला हवं होतं. ते आम्हाला एका चिवड्यानंतर कळलं.

लिफ्ट. महिन्यातून दोनदा बंद. माझे गुडघे आणि कडेवर ओजू. वेळ साडेचारची दिली तर आत सव्वापाचला घेतात, आणि तोवर ठरलेली भूक निघून गेलेली असते किंवा पोर रडकुंडीला आलेलं. भुकेच्या वेळेवर चालणाऱ्या कामात उशीर झाला की ती बैठक फुकट जाते. पैसे मात्र पूर्ण घेतात. पावसाळ्यात दोन बैठका व्हिडिओवर झाल्या, त्या निरुपयोगी. ओजू पडद्यावरच्या बाईंना वेफर दाखवत बसला. आणि हा सगळा खर्च विम्यात बसत नाही. बैठकांचे ४०,८०० आणि पहिल्या भेटीचे २,५००, चाचण्या वेगळ्या. माझ्या पेन्शनमधला वाटा मी आनंदाने देते, पण सगळ्या घरांत पेन्शन नसते.

तरी मी तिथे का जाते, ते डिसेंबर आणि फेब्रुवारीत झालेल्या गोष्टीमुळे.

दुधाची ॲलर्जी असलेली बरीच मुलं ओव्हनमध्ये नीट भाजलेलं दूध सोसतात. पिठात मिसळून १८० अंशांवर अर्धा तास भाजल्यावर प्रथिनाची घडण बदलते. तसं मूल असेल तर पुढे पायरी-पायरीने दूध आणता येतं. पण ते घरी करून बघायचं नाही. हॉस्पिटलात, डॉक्टर आणि इंजेक्शन शेजारी ठेवून, ठरावीक अंतराने वाढत्या तुकड्यांत देतात आणि नंतर किमान दोन तास बसवून ठेवतात. याला ते 'चॅलेंज' म्हणतात. आता बघा, यासाठी सांगितल्यावर खाणारं मूल लागतं. आमचं चॅलेंज तिथेच होतं.

डिसेंबरात गेलो. दोन तुकडे खाल्ले, तिसऱ्याला ओजूने तोंड मिटलं. नर्स म्हणाली, "आजी, जरा भरवा ना." मी म्हटलं, मी भरवत नाही. चार तास थांबलो, पलंगाचे पैसे भरले, निकाल काही नाही. मुलगा चिडला. मी जिन्यात रडले.

मग थेरपिस्ट बाईंनी वेगळी चाल केली. नाचणी, गहू आणि गुळाचा छोटा केक, दुधाशिवाय, रोज त्याच साच्यात, त्याच कागदी वाटीत, सहा आठवडे. आधी वास, मग चुरा, मग चावा. तिसऱ्या आठवड्यात तो स्वतः मागायला लागला. हॉस्पिटलात घरचीच ताटली, पायाखाली घरचाच पाट (हो, रिक्षातून पाट नेला). फेब्रुवारीत तोच केक, फक्त दुधाची पावडर घालून भाजलेला. त्याने सगळे तुकडे खाल्ले आणि वर विचारलं, "अजून?" दोन तास आम्ही त्याच्या तोंडाकडे बघत बसलो. काही उठलं नाही.

तीळ अजून पूर्ण बंद आहे. ॲलर्जी जिवावर बेतली तर लगेच टोचायचं ॲड्रेनालिनचं तयार इंजेक्शन, एपिपेन, आपल्याकडच्या औषधदुकानात सहज मिळत नाही, म्हणून ॲड्रेनालिनची कुपी, सिरिंज आणि डॉक्टरांच्या हातचं मात्रेचं कार्ड माझ्या पर्समध्ये असतं. मांडीच्या बाहेरच्या बाजूला कसं टोचायचं ते त्यांनी मोसंब्यावर शिकवलं. मुलगा, सून, मी आणि बालवाडीच्या बाई, चौघांनाही. वेगळे पैसे घेतले नाहीत. मंडळाच्या आरतीला आता मी सरळ सांगते, पेढा नको, पंचामृत नको, तिळाचा लाडू तर लांबच. खोबऱ्याचा तुकडा द्या. लोक पहिल्यांदा वाईट मानतात.

आजचं वजन १२ किलो ६००. पदार्थ २३, मी वहीत मांडते. वरणभात त्यात नाही. अजून.

कुणी जावं? ज्यांचं मूल वाढतंय, चार भाज्या सोडून बाकी खातंय, त्यांनी पैसे घालवू नयेत. घास बघून उमासे, खाल्ल्यावर गांधी, ठसका, घास अडकणं, सारखी ओकारी, वजन थांबलेलं, असं असेल तर जावं, आणि जिथे ॲलर्जीचे डॉक्टर आणि थेरपिस्ट एकमेकांशी बोलतात अशाच ठिकाणी जावं. माझे गुण शंभरपैकी ७८. लिफ्ट, वेळ आणि हमस यांचे कापलेत.

ॲलर्जीचे डॉक्टर मंगळवार आणि शुक्रवारीच असतात. घरच्या मसाल्याची यादी लिहून न्या, वजनासकट. आणि निघायच्या आधी लिफ्ट चालू आहे का ते फोन करून विचारा.